भाकीत चाहत्याचे, वसुली खेळाडूकडून

अमेरिकेतील ओहायो स्टेट आणि मिशिगन या दोन विद्यापीठांचे अमेरिकी फुटबॉलचे (हातात चेंडू घेऊन खेळायच्या प्रकाराचे) संघ ३० नोव्हेंबर २०२४ रोजी ओहायो स्टेटच्या कोलंबस येथील मैदानावर समोरासमोर आले, तेव्हा निकालाविषयी शंका घेणारे फारच थोडे होते. ओहायो स्टेट देशात दुसऱ्या क्रमांकावर होते. मिशिगन आदल्या मोसमाचा राष्ट्रीय विजेता असला, तरी या मोसमातील ११ पैकी ५ सामने त्याने गमावले होते. सट्टाबाजाराने ओहायो स्टेटला सुमारे २० गुणांनी वरचढ ठरवले होते आणि मिशिगनच्या बाजूने बोलणारेही विजयापेक्षा अब्रू राखण्याचीच भाषा करत होते. प्रत्यक्षात ४५ सेकंद उरले असताना मारलेल्या फील्ड गोलच्या (लाथेने चेंडू खांबांमधून मारून मिळणाऱ्या तीन गुणांच्या) जोरावर मिशिगनने सामना १३–१० असा जिंकला. सामना संपताच मैदानाच्या मध्यावर झेंडा रोवण्यावरून दोन्ही संघांत हाणामारी झाली, ती आवरण्यासाठी पोलिसांनी मिरीच्या फवाऱ्याचा वापर केला आणि विद्यापीठांच्या ज्या क्रीडा परिषदेत हे दोन्ही संघ खेळतात त्या बिग टेनने दोन्ही विद्यापीठांना प्रत्येकी एक लाख डॉलरचा दंड ठोठावला. पुढच्याच महिन्यात ओहायोच्या विधिमंडळात एका सदस्याने त्या मैदानाच्या मध्यावर झेंडा रोवणे हा गंभीर गुन्हा ठरवणारे विधेयकही मांडले. राज्यापुढचे इतर प्रश्न त्या आठवड्यात सुटले असावेत, असे समजू या.

चाहत्यांचा राग मात्र प्रशिक्षक रायन डे यांच्यावर होता. मिशिगनविरुद्धचा तो त्यांचा सलग चौथा पराभव असल्यामुळे त्यांना हाकलून लावा, अशी मागणी जोरात सुरू झाली. त्यानंतर ओहायो स्टेटने बाद फेरीत टेनेसी, ओरेगॉन आणि टेक्सास यांना नमवले आणि २० जानेवारी २०२५ रोजी नोत्र दामला ३४–२३ असे हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. फेब्रुवारीत डे यांना वर्षाला सव्वा कोटी डॉलरचा नवा करार मिळाला. म्हणजे सामन्यापूर्वीचे भाकीत चुकले आणि सामन्यानंतरचा निवाडाही चुकला. अशा वेळी शहाणी माणसे चाहत्यांच्या उतावीळपणाला हसतात आणि विषय तिथेच संपवतात. मला तो तिथे संपलेला वाटत नाही. चाहत्याने चुकीचे भाकीत करणे आणि पराभवानंतर अवास्तव बोलणे हा त्याचा जुना हक्क आहे आणि तो कोणी काढून घेण्याचे कारण नाही. या भाकिताला गेल्या काही वर्षांत कायद्याच्या संमतीने पैशाचे रूप आले असून, चुकलेल्या पैशाची वसुली विशीतल्या विद्यार्थ्यांकडून होऊ लागली आहे. प्रश्न त्याचा आहे.

या स्पर्धेचे वेड बाहेरच्या माणसाला समजण्यासाठी तिचे वय पाहावे लागते. हे दोन संघ १८९७ मध्ये प्रथम खेळले आणि १९१८ पासून, २०२० चे करोनाचे वर्ष वगळता, दरवर्षी खेळत आले आहेत. त्याही आधी, १८३५ च्या सुमारास, टोलीडो शहराभोवतीच्या पट्ट्यावरून ओहायो राज्य आणि तेव्हाचा मिशिगन प्रदेश यांनी एकमेकांविरुद्ध सशस्त्र पथके उभी केली होती. सामन्याच्या आठवड्यात ओहायो स्टेटच्या आवारातील फलकांवरच्या इंग्रजी ‘एम’ अक्षरांवर लाल काट मारली जाते, आणि मिशिगनचे नाव न घेता ‘तो उत्तरेकडचा संघ’ असे म्हणण्याची तिथे रीत आहे. मिशिगनला हरवणाऱ्या खेळाडूंना सोन्याच्या चिमुकल्या विजारीचे पदक देण्याची प्रथा १९३४ पासून चालू आहे. मिशिगन विद्यापीठाच्या गावचे, अॅन आर्बरचे, मैदान १,०७,६०१ प्रेक्षकांचे, कोलंबसचेही एक लाखावर. उच्च शिक्षणासाठी पुण्या-नागपुराहून गेलेली मुले किंवा डेट्रॉईटच्या मोटार उद्योगात नोकरी करणारी मराठी कुटुंबे तिथे दोन-तीन हिवाळे काढतात, तोवर त्यांच्याही घरात पिवळ्या-निळ्या नाहीतर किरमिजी रंगाचे कपडे आलेले असतात.

अशा वातावरणात चाहता जे भाकीत करतो, ते माहितीवर आधारलेले अनुमान असते असे मानणे हीच पहिली गफलत आहे. थोरांनी वाकलेल्या मुलाला ‘शतायुषी हो’ म्हणावे, तसे ते असते. त्यातला आकडा पडताळून पाहायचा नसतो. ‘आम्ही ३१–१७ जिंकू’ असे म्हणणारा माणूस आपली बाजू जाहीर करत असतो. हे दूरचित्रवाणीने फार लवकर ओळखले. इंडियाना विद्यापीठाचे माजी प्रशिक्षक ली कोर्सो यांनी १९९६ मध्ये कोलंबस येथेच सामन्यापूर्वीच्या कार्यक्रमात ओहायो स्टेटच्या शुभंकराचे भलेमोठे डोके स्वतःच्या डोक्यावर चढवून आपली पसंती सांगितली. पुढे जवळजवळ तीन दशके, ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा कोलंबसमधूनच निवृत्त होईपर्यंत, त्यांचे भाकीत याच पद्धतीने होत राहिले. लाखो लोक त्या क्षणाची वाट पाहत आणि ते चुकले म्हणून कोणाचे काही बिघडत नसे.

चाहत्याची नजर निष्पक्ष नसते, याला जुना पुरावा आहे. प्रिन्स्टन आणि डार्टमथ यांच्यातील १९५१ च्या एका धसमुसळ्या सामन्याची फीत दोन्ही विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांना दाखवून हॅस्टॉर्फ आणि कॅन्ट्रिल या मानसशास्त्रज्ञांनी नियमभंग मोजायला सांगितले. डार्टमथच्या विद्यार्थ्यांना आपल्या संघाचे जितके नियमभंग दिसले, त्याच्या दुपटीहून अधिक प्रिन्स्टनच्या विद्यार्थ्यांना दिसले. २०१६ च्या ओहायो स्टेट–मिशिगन सामन्यात, दुसऱ्या जादा डावात, ओहायो स्टेटचा क्वार्टरबॅक (चाल सुरू करणारा, चेंडू फेकणारा खेळाडू) जे. टी. बॅरेट चौथ्या, म्हणजे शेवटच्या, प्रयत्नात हवे असलेले एक यार्ड अंतर कापू शकला की नाही, हा वाद आजही त्याच पद्धतीने चालतो. पंचांनी त्याला यश दिले, चित्रफीत पाहूनही निर्णय कायम राहिला, पुढच्याच चालीवर टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपार नेणे) होऊन ओहायो स्टेट ३०–२७ जिंकले आणि मिशिगनचे प्रशिक्षक जिम हारबॉ यांनी पंचांवर जाहीर टीका केल्यामुळे त्यांच्या विद्यापीठाला दंड झाला. तो चेंडू नेमका कुठे होता हे कोलंबसमध्ये आणि अॅन आर्बरमध्ये विचारले, तर उत्तरे दोन येतील आणि दोन्ही मनापासून दिलेली असतील.

पराभवानंतरच्या प्रतिक्रियेबद्दलही मी चाहत्यांच्या बाजूने थोडे बोलेन, कारण त्यांची चेष्टा वाजवीपेक्षा जास्त होते. ‘शेवटी राष्ट्रीय विजेतेपद मिळाले ना, मग एका पराभवाचे काय एवढे?’ हा प्रश्न वाजवी वाटतो, पण तो या स्पर्धेचे स्वरूपच विसरतो. जॉन कूपर यांनी ओहायो स्टेटला अनेक उत्तम मोसम मिळवून दिले, तरी मिशिगनविरुद्ध त्यांच्या नावावर २ विजय, १० पराभव आणि १ बरोबरी उरली आणि २००१ च्या आरंभी त्यांना जावे लागले. त्यांच्या जागी आलेल्या जिम ट्रेसल यांनी आल्याआल्या जमलेल्या लोकांना ३१० दिवसांनी अॅन आर्बरमध्ये काय होईल याची ग्वाही दिली, आणि ते शब्द खरे करून दाखवले. ट्रेसल आज ओहायोचे लेफ्टनंट गव्हर्नर आहेत. त्यांचा उल्लेख निघाला की लोकांना राष्ट्रीय विजेतेपदाइतकाच मिशिगनवरच्या विजयांचा हिशेब आठवतो. या चाहत्यांच्या दृष्टीने वार्षिक सामना ही मोसमाची पायरी नसते. तो स्वतंत्र हिशेब असतो आणि दुसऱ्या खात्यातून तो भरून निघत नाही. २९ नोव्हेंबर २०२५ रोजी ओहायो स्टेटने अॅन आर्बरमध्ये २७–९ असा विजय मिळवला, तेव्हा कोलंबसमध्ये जो सुस्कारा टाकला गेला, तो आदल्या जानेवारीतल्या विजेतेपदाने आलेला नव्हता. प्रशिक्षक वर्षाला कोट्यवधी डॉलर घेतो, प्रौढ असतो, आणि निकालाची जबाबदारी त्याने करारावर सही करून स्वीकारलेली असते. त्याच्या हकालपट्टीची मागणी करणे, त्याच्या घराला आणि कुटुंबाला धक्का न लावता, मला गैर वाटत नाही.

अपेक्षा आणि प्रतिक्रिया यांचा संबंध मात्र दिसतो तितका निरुपद्रवी नाही. डेव्हिड कार्ड (यांना पुढे २०२१ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले) आणि गॉर्डन डाल यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात व्यावसायिक फुटबॉलचे सामने आणि त्या त्या गावच्या पोलिसांकडील कौटुंबिक हिंसाचाराच्या नोंदी एकत्र तपासल्या. घरचा संघ ४ किंवा अधिक गुणांनी जिंकेल असा सट्टाबाजाराचा अंदाज असताना तो हरला, तर पुरुषांनी पत्नीवर किंवा मैत्रिणीवर केलेल्या हिंसाचारात सुमारे १० टक्के वाढ दिसली. सामना अटीतटीचा होणार हे आधीच ठाऊक असताना झालेल्या पराभवाचा परिणाम मात्र फारसा आढळला नाही. अनपेक्षित विजयाने हिंसा कमी झाली, असेही दिसले नाही. घरातल्या बाईच्या अंगावर हात पडायला कारण झाला, तो मोडलेला भरवसा. हा अभ्यास महाविद्यालयीन सामन्यांचा नाही आणि भाकीत करणारा प्रत्येक जण हिंस्र असतो असे तर तो मुळीच सांगत नाही. भरवसा जितका ठाम, तितकी त्याच्या मोडण्याची किंमत कोणाला तरी अधिक द्यावी लागते, एवढे त्यातून घेता येते. मग तो भरवसा पैशाने ठाम करण्याचा उद्योग सरकारने परवाना देऊन का चालवावा, हे विचारणे भाग पडते.

महाविद्यालयीन खेळांवरचा सट्टा अमेरिकेला नवा नाही. १९९२ च्या केंद्रीय कायद्याने तो नेवाडासारखे मोजके अपवाद वगळून रोखला होता. मे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला आणि निर्णय राज्यांवर सोपवला. मिशिगनमध्ये जानेवारी २०२१ पासून मोबाईलवरून सट्टा लावता येऊ लागला, ओहायोत १ जानेवारी २०२३ पासून. ओहायोत तो सुरू होऊन जेमतेम दोन आठवडे झाले असतील, तोच डेटन विद्यापीठाचे बास्केटबॉल प्रशिक्षक अँथनी ग्रँट यांना एका पराभवानंतर पत्रकारांसमोर आपल्या खेळाडूंची बाजू घेऊन बोलावे लागले, कारण पैसे गमावलेले लोक त्या मुलांना थेट शिव्यांचे संदेश पाठवत होते. इतक्या लवकर इतका स्पष्ट इशारा क्वचितच एखाद्या कायद्याला मिळतो.

सट्ट्याची रचना समजून घेतली, तर हे का घडते ते कळते. ज्याला गुणफरकाचा भाव म्हणता येईल, त्यात एखाद्या संघाला २० गुणांनी वरचढ धरले असेल, तर त्याच्यावर पैसे लावणाऱ्याला केवळ विजय पुरत नाही, २० हून अधिक गुणांनी मिळालेला विजय लागतो. त्यामुळे संघ १७ गुणांनी जिंकला, स्टेडियम नाचू लागले, तरी काही हजार माणसे आपल्याच संघावर चरफडत घरी जातात. निष्ठा आणि पैसा यांची अशी फारकत झाली की चाहत्याच्या भाकितातला आशीर्वाद संपतो. तरीही या प्रकारात राग निदान संपूर्ण संघावर विभागला जातो. खरी आपत्ती त्याच्या पुढच्या प्रकारात आहे. अमुक क्वार्टरबॅक किती यार्ड फेकेल, तमुक धावपटू किती यार्ड पळेल, यावर स्वतंत्र पैज लागते. पैज एका नावावर लागल्यामुळे हरलेल्या पैशाला एक चेहरा मिळतो, आणि त्या चेहऱ्याचे समाजमाध्यमावरील खाते दोन बोटांच्या अंतरावर असते.

एनसीएए या महाविद्यालयीन क्रीडा संस्थेचे अध्यक्ष चार्ली बेकर यांच्या विनंतीवरून ओहायोच्या नियामकाने मार्च २०२४ पासून महाविद्यालयीन खेळाडूंवरच्या अशा वैयक्तिक पैजा बंद केल्या. (हेच बेकर मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर असताना २०२२ मध्ये त्या राज्यात सट्टा कायदेशीर करणाऱ्या विधेयकावर त्यांनीच सही केली होती, अनुभव माणसाला शिकवतो, हे चांगलेच.) खेळाडूंना धमकावणाऱ्याला सट्ट्यातून कायमचे बाद करण्याची सोयही ओहायोने केली. ओहायोचे गव्हर्नर माईक डिवाइन यांनी तर २०२५ मध्ये सट्ट्याच्या मूळ कायद्यावर सही केल्याचा पश्चात्ताप जाहीरपणे बोलून दाखवला. ही पावले योग्य आहेत, परंतु ती राज्याच्या सीमेवर थांबतात. काही राज्यांत बंदी, काही राज्यांत मुभा अशी स्थिती असताना ओहायोच्या नियमाने ओहायोतल्या सटोडियाला रोखले जाते, ओहायोच्या खेळाडूला संरक्षण मिळत नाही, कारण त्याच्यावर दुसऱ्या एखाद्या राज्यातला माणूस निर्धास्तपणे पैसे लावू शकतो. म्हणून महाविद्यालयीन खेळाडूंवरच्या वैयक्तिक पैजांवर देशभर एकसारखी बंदी हवी, असे माझे मत आहे.

यावर जे आक्षेप घेतले जातात, त्यांतला सर्वांत वजनदार आक्षेप असा की उघड, नोंदणीकृत बाजारातच गैरप्रकार पकडले जातात आणि बंदीने सगळे पुन्हा अंधारात जाते. त्यात तथ्य आहे. मे २०२३ मध्ये अलाबामा विद्यापीठाच्या बेसबॉल प्रशिक्षकाची हकालपट्टी झाली, ती सिनसिनाटीच्या एका परवानाधारक सट्टाकेंद्रात लागलेल्या संशयास्पद पैजा देखरेख यंत्रणेच्या नजरेस आल्यामुळेच. पण त्या पैजा सामन्याच्या निकालावरच्या होत्या, आणि मी ज्या बंदीविषयी बोलतो आहे ती निकालावरच्या पैजांना हात लावत नाही. उलट, संपूर्ण सामना फिरवायला अनेकांना सामील करून घ्यावे लागते, तर एका खेळाडूने ठरावीक यार्डांच्या आत थांबण्यासाठी तो एकटा पुरतो. फितुरीची सर्वांत स्वस्त जागा तीच आहे, आणि प्रामाणिक खेळाडूला छळण्याची सर्वांत सोपी जागाही तीच.

दुसरा आक्षेप असा की आता ही मुले विद्यार्थी कसली? जुलै २०२१ पासून त्यांना आपल्या नावाचा आणि प्रतिमेचा मोबदला घेता येतो, आणि जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या न्यायालयीन तडजोडीनुसार २०२५–२६ या वर्षात प्रत्येक विद्यापीठ आपल्या खेळाडूंना एकूण सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत थेट देऊ शकते. मग पैसे घेतात तर टीकाही सोसावी. टीका सोसावी, हे मान्य. परंतु त्यांना मिळणारा मोबदला सटोडियाकडून येत नाही, त्याच्याशी त्यांचा कोणताही करार नाही, आणि क्वार्टरबॅकला लाखो डॉलर मिळत असतील तेव्हा त्याच संघातल्या बदली खेळाडूला जवळजवळ काहीच मिळत नसते. कामगाराला पगार सुरू झाला म्हणून त्याच्या हाताखालून वाहणाऱ्या जुगाराचा तो देणेकरी होत नाही.

विद्यापीठांचे स्वतःचे हातही या बाबतीत फार स्वच्छ नाहीत. कोलोरॅडो विद्यापीठाने २०२० मध्ये एका सट्टा कंपनीशी करार केला होता, ज्यात विद्यापीठाच्या शिफारशीने येणाऱ्या प्रत्येक नव्या ग्राहकामागे विद्यापीठाला ३० डॉलर मिळण्याची तरतूद होती. लुईझियाना स्टेट आणि मिशिगन स्टेट यांनीही सीझर्स या सट्टा कंपनीशी असेच संबंध जोडले होते. टीका वाढल्यावर २०२३ मध्ये हे करार गुंडाळले गेले आणि सट्टा उद्योगाच्या संघटनेनेही असे करार करू नयेत अशी आचारसंहिता स्वीकारली. ज्या संस्थेने विद्यार्थ्याला संख्याशास्त्राच्या वर्गात जुगारात शेवटी कोण जिंकतो ते शिकवायचे, तिनेच त्याला दारापर्यंत पोहोचवून दलाली घ्यावी, हा प्रकार संपला हे बरे झाले. मात्र तो संपवायला तीन वर्षे लागली.

भारतातल्या वाचकाला इथे आपला कायदा आठवेल. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर सरसकट बंदी घातली, मुंबईच्या ड्रीम११ ला पैशांच्या स्पर्धा थांबवाव्या लागल्या आणि भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवरून तिचे नाव उतरले. अमेरिकेने हाच मार्ग धरावा, असे मी म्हणणार नाही. क्रिकेटवरचा सट्टा आपल्याकडे कधीच कायदेशीर नव्हता आणि मुंबईत तो कधी थांबल्याचेही कोणी सांगू शकणार नाही. सरसकट बंदी अंमलात आणणे कठीण असते, कारण तिला संपूर्ण सवयीशी लढावे लागते. अरुंद बंदीचे तसे नसते. परवानाधारक कंपन्यांच्या यादीतून पैजेचा एक प्रकार काढून टाकणे हे नियामकाच्या एका आदेशाने होते, ते ओहायोने करून दाखवले आहे, आणि त्यानंतर तिथला सट्टा उद्योग कोसळलेला नाही.

याची सुरुवात बिग टेननेच करायला हवी, असे म्हणण्याला एक विशेष कारण आहे. २०२३ च्या मोसमापासून या परिषदेतले संघ सामन्याच्या दोन तास आधी कोणता खेळाडू उपलब्ध आहे आणि कोणता नाही, याची यादी जाहीर करतात. आतल्या गोटातली माहिती विकली जाऊ नये आणि त्यासाठी विद्यार्थ्यांवर दबाव येऊ नये, हा त्यामागचा हेतू आहे. हेतू चांगला असला, तरी एखाद्या वीस वर्षांच्या मुलाचा गुडघा आज चालेल की नाही ही माहिती सट्टाबाजाराच्या सोयीने वेळेवर जाहीर करण्याची जबाबदारी विद्यापीठांनी स्वतःवर घेतली, हे त्यातून सुटत नाही. बाजारासाठी इतके करणाऱ्या परिषदेने त्या बदल्यात खेळाडूसाठी काही मागायला हरकत नसावी. तिच्यात आता १८ विद्यापीठे आहेत, न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंत तिचा विस्तार आहे आणि तिच्या सामन्यांशिवाय कोणत्याही सट्टा कंपनीचा शनिवार साजरा होत नाही. सदस्य विद्यापीठांच्या प्रत्येक राज्यात खेळाडूंवरच्या वैयक्तिक पैजा बंद झाल्या पाहिजेत, अशी मागणी तिने एकमुखाने नियामकांपुढे ठेवली, तर काँग्रेसची, म्हणजे अमेरिकी संसदेची, वाट न पाहता देशाचा बराचसा भाग त्या एका नियमाखाली येईल. या मागणीवर ओहायो स्टेट आणि मिशिगन यांच्या अध्यक्षांच्या सह्या शेजारी शेजारी असल्या, तर ती नाकारणे कोलंबस आणि लान्सिंग या दोन्ही राज्यांच्या राजधान्यांतल्या आमदारांना फार अवघड जाईल, कारण या एका विषयावर दोन्ही बाजूंचे मतदार आपापल्या पोरांच्या पाठीशी उभे राहतील.